टाइमलॅप्स चित्रफितीच्या निर्मितीत छायाचित्रांच्या आकारामुळे उद्भवणाऱ्या अडचणी व त्यांचे निराकरण

प्रस्तावना :

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या आधी, म्हणजे १९१२ मध्ये, 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला होता. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी ठराविक काळाने एकेक चौकट टिपून नोंदवली आणि सुमारे महिनाभराची ती वाढ पडद्यावर अल्पावधीत उलगडून दाखवली. आज ज्या तंत्रास 'टाइमलॅप्स' या नावाने ओळखले जाते, तेच हे तंत्र होय. फाळके यांच्यापुढे भांडवलाची अडचण होती, प्रकाशाची होती, फिल्मचीही होती. परंतु चौकटीच्या आकाराची अडचण त्यांच्यापुढे नव्हती. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे बसवलेली धातूची चौकोनी खिडकी पहिल्या दिवशी जेवढी होती, तेवढीच तिसाव्या दिवशीही होती. त्यामुळे सर्व चौकटी आपोआपच एका मापाच्या होत असत.

डिजिटल छायाचित्रणात ही हमी उरलेली नाही. येथे प्रत्येक छायाचित्र ही स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फाइलला स्वतःची रुंदी, स्वतःची उंची व स्वतःची दिशा असते. अशा दोन हजार फाइली एकामागे एक ठेवून चित्रफीत तयार करताना, त्या सर्व एकाच मापाच्या आहेत हे कोणीतरी पाहावे लागते. जे काम पूर्वी धातूची खिडकी करीत होती, ते आता निर्मात्याने स्वतः करावयाचे असते. चित्रफीत ताणलेली दिसणे, कडांना काळे पट्टे येणे, मध्येच एखादी चौकट आडवी होणे, किंवा सॉफ्टवेअरने काम अर्ध्यावर सोडून देणे, या सर्व तक्रारींचे मूळ बहुधा येथेच सापडते. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळांत व प्रकल्पांत टाइमलॅप्सचा वापर वाढत असल्याने या अडचणींचा उलगडा होणे आवश्यक आहे. बी एकदाच रुजते; मालिका बिघडली तर तेच बी पुन्हा रुजवता येत नाही.

'आकार' या शब्दाचे तीन अर्थ :

या विषयातील पहिला गोंधळ शब्दाचाच आहे. 'फोटोची साइज' असे म्हणताना एक व्यक्ती किलोबाइट वा मेगाबाइट अभिप्रेत धरते, दुसरी पिक्सेलांची संख्या आणि तिसरी इंचातील छापील माप. चित्रफितीच्या दृष्टीने यांपैकी केवळ पिक्सेलांची संख्या, म्हणजे आडव्या व उभ्या ओळींतील बिंदूंची संख्या, निर्णायक असते.

फाइलचे वजन प्रत्येक छायाचित्रागणिक बदलणे हे स्वाभाविक आहे. जेपेग पद्धतीत चित्रातील बारकाव्यांनुसार फाइल लहान-मोठी होते. निरभ्र आकाश वा धुके यांचे छायाचित्र हलके भरते, पानांनी गच्च भरलेल्या झाडाचे जड भरते. पहाटेची फाइल तीन मेगाबाइटची आणि दुपारची आठ मेगाबाइटची असली तरी दोहोंची पिक्सेल-संख्या अगदी सारखी असू शकते. तेव्हा वजनातील तफावत पाहून मालिका विषम आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. तयार चित्रफितीचे वजनही छायाचित्रांच्या वजनावर ठरत नाही. ते बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवावयाची यावर ठरते. दर सेकंदास १० मेगाबिट या दराने ८६ सेकंदांची चित्रफीत सुमारे १०८ मेगाबाइटची होईल, मग मूळ छायाचित्रे १७ गिगाबाइटची असोत वा ५ गिगाबाइटची.

छापील मापाचा, म्हणजे डीपीआय या आकड्याचा, तर चित्रफितीशी काहीच संबंध नाही. ६००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ३०० डीपीआयने छापल्यास २० इंच भरेल, ७२ डीपीआयने छापल्यास ८३ इंचांहून थोडे अधिक भरेल. पिक्सेल मात्र दोन्ही वेळी ६००० च राहतील. असे असूनही 'पडद्यासाठी ७२ डीपीआय' हा समज इतका रूढ आहे की अनेक जण सर्व छायाचित्रे प्रथम ७२ वर आणतात. हे करताना फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधील 'रिसॅम्पल' या पर्यायावर खूण असेल, तर नुसता आकडा बदलत नाही, पिक्सेलही घटतात. ६००० × ४००० चे छायाचित्र १४४० × ९६० होऊन बसते. पुढे तेच १९२० रुंदीच्या चित्रफितीसाठी वाढवले जाते आणि चित्र धूसर का आले याचा शोध कॅमेऱ्याच्या भिंगात घेतला जातो.

रुंदी-उंचीच्या प्रमाणातील विसंगती :

संपूर्ण मालिका एकाच मापाची असली तरी छायाचित्राची चौकट व चित्रफितीची चौकट यांचे प्रमाण भिन्न असू शकते. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांत रुंदी व उंची यांचे प्रमाण ३:२ असते. हे प्रमाण फिल्मच्या काळातून आलेले आहे. ऑस्कर बार्नाक यांनी ३५ मिलिमीटरची सिनेफिल्म आडवी वापरून ३६ × २४ मिलिमीटरची चौकट घेतली आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे ती रूढ झाली. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांत सामान्यतः ४:३ हे प्रमाण आढळते. चित्रफितीचे आजचे सर्वमान्य प्रमाण मात्र १६:९ आहे. १९२० × १०८० ची फुल एचडी आणि ३८४० × २१६० ची चौपट मोठी चौकट ही त्याचीच दोन मापे. म्हणजे कोणत्याही सर्वसाधारण कॅमेऱ्याचे पूर्ण छायाचित्र चित्रफितीच्या चौकटीत जसेच्या तसे बसत नाही. ते बसवण्याचे तीन मार्ग आहेत आणि अननुभवी व्यक्तीच्या हातून नेमका तिसरा, चुकीचा मार्ग नकळत निवडला जातो.

पहिला मार्ग चित्र पूर्ण ठेवून कडेला रिकामी जागा सोडण्याचा. ३:२ प्रमाणाचे छायाचित्र १०८० उंचीत बसवल्यास त्याची रुंदी १६२० होते आणि दोन्ही बाजूंस १५०-१५० पिक्सेलांचे काळे पट्टे येतात. ४:३ च्या बाबतीत रुंदी १४४० आणि पट्टे २४०-२४० पिक्सेलांचे. दिसायला हे सुंदर नसले तरी चित्रातील काहीही गमावले जात नाही. दुसरा मार्ग चौकट पूर्ण भरून उरलेला भाग कातरण्याचा. ३:२ चे छायाचित्र १९२० रुंदीवर आणल्यास उंची १२८० भरते; त्यांपैकी २०० ओळी, म्हणजे जवळपास १६ टक्के उंची, सोडून द्यावी लागते. ४:३ मध्ये हे प्रमाण २५ टक्के, म्हणजे एक-चतुर्थांश होते. वर-खाली समान कातरायचे की एकाच बाजूने, हे विषयावर अवलंबून आहे. रोप वर वाढत असल्यास वरची जागा राखून ठेवावी लागते, आणि ही गोष्ट पहिल्या छायाचित्रात लक्षात येत नाही कारण तेव्हा तेथे मातीखेरीज काहीच नसते. म्हणून कातरण्याची रेषा नेहमी मालिकेतील शेवटच्या छायाचित्रावर निश्चित करावी.

तिसरा मार्ग ताणण्याचा. प्रमाण न पाळता ६००० × ४००० चे छायाचित्र सरळ १९२० × १०८० मध्ये कोंबले, तर प्रत्येक वस्तू उंचीच्या तुलनेत सुमारे १८.५ टक्के अधिक रुंद दिसते. ४:३ च्या छायाचित्रात ही विकृती ३३ टक्क्यांवर जाते. निसर्गदृश्यात ती चटकन ध्यानात येत नाही, कारण डोंगर किती रुंद असावा याविषयी डोळ्यांचा आग्रह नसतो. परंतु पेट्री डिश लंबगोल दिसू लागते आणि पानाच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर खोटे ठरते. अभ्यासासाठी केलेल्या चित्रफितीत ही केवळ सौंदर्याची हानी नसून नोंदीचीच हानी आहे. यावर एक साधा उपाय आहे. मालिका सुरू करताना चौकटीच्या कोपऱ्यात एखादे नाणे कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवावे. तयार चित्रफितीत नाणे गोल दिसले तर प्रमाण शाबूत आहे. नाण्याचा व्यास ठाऊक असल्याने मोजपट्टीचे कामही त्यातच होते.

सर्व छायाचित्रे एकत्रितपणे बदलणाऱ्या इमेजमॅजिक या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या तीन मार्गांतील फरक एका चिन्हाएवढाच आहे. मापाचा आकडा नुसता लिहिल्यास चित्र त्या चौकटीच्या आत प्रमाणात बसते, आकड्यापुढे टोपीसारखे चिन्ह दिल्यास चौकट पूर्ण भरते आणि उद्गारचिन्ह दिल्यास प्रमाण मोडून ताणले जाते. इरफानव्ह्यूसारख्या खिडक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम रुंदी-उंचीचे प्रमाण राखण्याच्या पर्यायावरील खूण करते. ती खूण आहे याची खात्री प्रत्येक वेळी करून घ्यावी.

येथे जुन्या सॉफ्टवेअरचा एक दोषही नमूद करणे उचित ठरेल. काही संपादन-सॉफ्टवेअरमध्ये नवीन प्रकल्प उघडताच टेप-कॅमेऱ्यांच्या काळातील मांडणी आपोआप निवडली जाते. त्या मांडणीतील पिक्सेल चौरस नसतात. एचडीव्ही पद्धतीत तर १४४० × १०८० चे चित्र १६:९ मध्ये पसरवून दाखवले जात असे. छायाचित्राचे पिक्सेल चौरस असतात. अशा वेळी छायाचित्र निर्दोष असूनही चित्रफीत विकृत दिसते आणि दोष छायाचित्रात शोधून काही हाती लागत नाही.

एकाच मालिकेतील विषमता :

यापेक्षा अधिक त्रासदायक प्रकार म्हणजे मालिकेतील काही छायाचित्रे इतरांहून वेगळ्या मापाची असणे. अशा प्रसंगी सॉफ्टवेअर कसे वागेल हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. काही पहिल्या छायाचित्राचे माप प्रमाण मानून उरलेली त्यात बसवतात, काही वेगळ्या मापाच्या चौकटीभोवती काळी जागा ठेवतात, काही तेथेच थांबतात. त्यातल्या त्यात थांबणारे सॉफ्टवेअर बरे. कारण निमूटपणे ताणून देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे दोष चित्रफितीत दडून राहतो.

समजा, वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या प्रकल्पात दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे पंधरा दिवस छायाचित्रे घेतली. एकूण २१६० छायाचित्रे होतात आणि सेकंदाला २५ चौकटी या वेगाने ८६.४ सेकंदांची चित्रफीत मिळते. आता तिसऱ्या दिवशी बॅटरी बदलताना कोणाच्या हातून आकाराची मांडणी 'मोठा' वरून 'मध्यम' वर गेली, किंवा कॅमेरा उपलब्ध नसल्याने एक रात्र भ्रमणध्वनीवर काढावी लागली, तर त्या भागात माप बदलेल. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे संदेशवहनाच्या अॅपमधून पाठवली गेली असल्यास ती वाटेत आणखी लहान होतात. ती मूळ फाइल म्हणून, केबलने उतरवून घ्यावीत. ही कारणे उघड आहेत. काही कारणे मात्र सहज दिसत नाहीत.

त्यांपैकी एक म्हणजे संपादनात केलेली सरळ करण्याची क्रिया. कॅमेरा किंचित कलला म्हणून काही छायाचित्रे एका अंशाने फिरवली, तर रिकामे कोपरे टाळण्यासाठी सॉफ्टवेअर कडा कातरते आणि ६००० × ४००० चे छायाचित्र सुमारे ५८५० × ३९०० चे होते. दुसरे कारण रॉ फाइलींचे. कॅमेऱ्याने दिलेले जेपेग आणि त्याच रॉ फाइलवरून अन्य सॉफ्टवेअरने काढलेले चित्र यांत कडेच्या काही पिक्सेलांचा फरक पडू शकतो, कारण संवेदकाच्या कडेच्या किती ओळी ग्राह्य धरावयाच्या हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने ठरवते. निम्मी मालिका एका मार्गाने व निम्मी दुसऱ्या मार्गाने तयार केल्यास जोडाच्या जागी चित्र हलकेच हिसका खाते.

तिसरे कारण दिशेचे असून ते वरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला विशेषत्वाने लागू आहे. कॅमेरा आडवा धरला आहे की उभा, हे त्यातील एक संवेदक गुरुत्वाच्या दिशेवरून ओळखतो व फाइलीत त्याची नोंद करतो. कॅमेरा टेबलावरील डिशकडे सरळ खाली रोखलेला असेल, तर त्या संवेदकास निर्णय करता येत नाही आणि लागोपाठच्या छायाचित्रांत आडवी-उभी अशी उलटसुलट नोंद होऊ शकते. वस्तुतः पिक्सेल सर्वत्र ६००० × ४००० याच क्रमाने साठवलेले असतात. परंतु नोंद पाळणारे सॉफ्टवेअर काही चौकटी ४००० × ६००० समजून फिरवते आणि नोंद न पाळणारे तसे करीत नाही. त्यामुळे तीच मालिका एका संगणकावर ठीक व दुसऱ्यावर बिघडलेली दिसते. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यातील स्वयंचलित फिरवण्याची सोय आधीच बंद ठेवणे. राहून गेले असल्यास सर्व फाइलींमधील दिशेची नोंद एकसारखी करून घेणे.

विषमता शोधण्यासाठी दोन हजार छायाचित्रे उघडून पाहण्याची गरज नाही. विंडोजच्या फाइल-यादीत 'डायमेन्शन्स' हा स्तंभ दाखवून त्यानुसार क्रम लावल्यास वेगळ्या मापाच्या फाइली एकत्र वर वा खाली येतात. इमेजमॅजिकमधील 'आयडेंटिफाय' ही आज्ञा प्रत्येक फाइलचे माप ओळीने लिहून देते. चित्रफीत करण्यास घेण्यापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी करावी.

सम-विषम अंकांचा प्रश्न :

सर्व छायाचित्रे एका मापाची आहेत, प्रमाणही राखले आहे, तरीही एफएफएमपेग या प्रचलित सॉफ्टवेअरने उंचीला दोनने भाग जात नाही अशा आशयाचा संदेश देऊन काम थांबवले, असा अनुभव अनेकांना येतो. ३:२ प्रमाणाचे छायाचित्र १००० रुंदीवर आणले की उंची ६६७ होते, आणि ६६७ ही विषम संख्या आहे. छायाचित्रास तिचे वावडे नाही, चित्रफितीस आहे.

याचे कारण रंग साठवण्याच्या पद्धतीत आहे. मानवी डोळा उजेड-अंधाराचे बारकावे जितके टिपतो तितके रंगांचे टिपत नाही. याचा लाभ घेऊन एच.२६४ सारख्या पद्धतीत सामान्यतः तेजस्वितेची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवली जाते, रंगाची मात्र दोन आडव्या व दोन उभ्या अशा चार पिक्सेलांच्या गटास मिळून एकदाच. जोडीजोडीने गट पाडावयाचे तर रुंदी व उंची दोन्ही सम असणे ओघानेच आले. रंगाची माहिती न घटवता विषम मापही वापरता येते, परंतु तशी चित्रफीत पुष्कळ प्लेअरांवर चालत नाही. सोपा उपाय हा की एफएफएमपेगला रुंदी सांगून उंचीच्या जागी उणे दोन हा आकडा द्यावा. ते प्रमाण सांभाळून जवळची सम संख्या स्वतः घेते. हाताने करावयाचे झाल्यास एक ओळ कातरून ६६६ करावी.

एच.२६४ चे काम प्रत्यक्षात १६ × १६ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत चालते. फुल एचडीच्या १०८० या उंचीलाही १६ ने पूर्ण भाग जात नाही. आत १०८८ ओळी साठवल्या जातात व दाखवताना आठ वगळल्या जातात. हे सर्व पडद्याआड घडत असल्याने त्याची चिंता निर्मात्यास करावी लागत नाही.

अतिमोठ्या चौकटी :

छायाचित्रे मूळ मापातच चित्रफितीत घातल्यास गुणवत्ता सर्वोत्तम राहील, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. व्यवहारात मात्र अशी चित्रफीत अडखळते किंवा उघडतच नाही. ६००० × ४००० ची एक चौकट उलगडल्यावर स्मृतीत ७२ मेगाबाइट जागा घेते. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे १.८ गिगाबाइट. शिवाय एच.२६४ च्या मानकात चौकटीच्या मापास स्तरनिहाय मर्यादा आहेत. ५.१ या स्तरावर एका चौकटीत अधिकाधिक ३६,८६४ ठोकळे चालतात. ३८४० × २१६० ची चौकट ३२,४०० ठोकळ्यांत बसते, तर ६००० × ४००० ला ९३,७५० लागतात. अनेक उपकरणांतील उलगडणारी यंत्रणा त्या मर्यादेपुढे जात नाही. त्यामुळे प्रथम मापे घटवून, मगच चित्रफीत करावी. घटवण्याची पद्धत संपूर्ण मालिकेस एकच ठेवावी. घाईची पद्धत निवडल्यास कौलांच्या ओळी वा बारीक पाने चौकटीगणिक थरथरताना दिसतात. लॅन्झोस वा बायक्यूबिक या पद्धतींत ती थरथर पुष्कळ कमी होते.

मूळ प्रती आणि न जुळणारे तुकडे :

आकार बदलण्याच्या कामात सर्वांत मोठी हानी मात्र तांत्रिक दोषाने होत नाही, ती मूळ फाइलींवरच नवे माप लिहिले गेल्याने होते. इमेजमॅजिकमधील 'मॉग्रिफाय' ही आज्ञा, वेगळे ठिकाण सांगितले नाही तर, मूळ फाइलच बदलते. इशाराही देत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्येही नवीन फाइली त्याच फोल्डरात त्याच नावाने ठेवण्याचा पर्याय असतो. ६००० ची रुंदी १९२० झाली की ५०० पिक्सेल उंचीचा अंकुर १६० पिक्सेलांचा होतो, आणि मिलिमीटरच्या अंशांतील जी वाढ मोजावयाची होती ती मोजण्याजोगी राहत नाही. चित्रफीत पाहण्यासाठी असते, मोजमाप मूळ छायाचित्रांवरच करावे लागते. म्हणून मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवून, त्यांच्या प्रतींवर आणि प्रथम पन्नास छायाचित्रांवर, ही सर्व प्रक्रिया करून पाहावी.

एक परिस्थिती मात्र अशी आहे की जेथे पिक्सेलांचे गणित पुरे पडत नाही. मालिकेच्या मध्येच झूम बदलला किंवा कॅमेरा पुढे सरकला, तर सर्व फाइली ६००० × ४००० च्याच राहतात, यादीत काही वेगळे दिसत नाही, परंतु चित्रातील वस्तूचे माप बदललेले असते. कोपऱ्यातील नाणे आधी ३०० पिक्सेलांचे होते व नंतर ३६० चे झाले, तर दुसऱ्या भागातील छायाचित्रे त्या प्रमाणात लहान करून, कडांना येणारी मोकळी जागा पूर्ण मालिकेतून कातरून, दोन्ही भाग बऱ्याच अंशी जुळवता येतात. कॅमेऱ्याचा कोनही बदलला असेल तर तेही साधत नाही. अशा वेळी ताणून जुळवण्याचा प्रयत्न न करता चित्रफितीचे दोन भाग करावेत आणि मध्ये काळ्या चौकटीवर कॅमेरा हलवल्याची तारीख व वेळ लिहावी.